खोक्यांतलें पीठ आणि नाताळचा फराळ

आमच्या घरीं नाताळ नाहीं. परंतु नात अमेरिकेंत वाढत असली म्हणजे डिसेंबर महिना आपली परवानगी मागत नाहीं. न्यू जर्सींत मुलीकडे राहावयास गेलों असतां आम्हांस हा अनुभव आला. शेजारणीकडे कुकींची अदलाबदल ठरली होती. प्रत्येकीनें घरीं भाजलेल्या दोन डझन कुकीज न्यावयाच्या आणि सर्वांच्या थोड्याथोड्या घेऊन परतावयाचें, अशी तेथील रीत. आपल्याकडे दिवाळींत फराळाच्या ताटांची देवघेव होते, तशीच ही.

मुलगी सायंकाळीं सात वाजतां कचेरींतून आली आणि तिनें फडताळांतून केकच्या तयार पिठाचा खोका काढला. आमच्या कपाळाला आठी पडली. घरचें म्हणून न्यावयाचें आणि खोका फोडावयाचा, हें कसें? ती शांतपणें म्हणाली, "आई, गेल्या दिवाळींत चकलीची भाजणी तूं कोठून आणली होतीस?" आम्ही निरुत्तर झालों.

खोक्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. पिट्सबर्ग येथील डफ यांच्या कारखान्यानें १९३० नंतरच्या चार-पांच वर्षांत काकवी पिठांत मिसळून वाळविण्याच्या युक्तीचें पेटंट मिळविलें. आरंभीं अंड्याची भुकटीही त्यांतच असे. पण गृहिणीला ताजें अंडें स्वतः फोडून घालणें अधिक आवडतें, हें त्यांनीं लौकरच ओळखलें. पुढें १९४७ सालीं जनरल मिल्सनें बेटी क्रॉकर या नांवानें आणि १९४८ सालीं पिल्सबरीनें आपापलें पीठ बाजारांत आणिलें. बेटी क्रॉकर नांवाची सुगरण प्रत्यक्षांत कधींच नव्हती. ग्राहकांच्या पत्रांस उत्तरें देण्याकरितां १९२१ सालीं घडविलेलें तें एक नांव!

केकच्या पिठाची कुकी होते ती पाणी वगळल्यामुळें. मैदा, साखर आणि फुगविणारे क्षार खोक्यांत असतातच. पाण्याऐवजीं केवळ अंडीं व तेल घातलें कीं सैल रबडी न होतां मळतां येण्याजोगा गोळा होतो. मुलीच्या जुन्या वहींत एका खोक्यास दोन अंडीं आणि अर्धा कप तेल असें प्रमाण होतें. त्याप्रमाणें केलें आणि पहिला घाणा तव्यावरच्या आंबोळीसारखा पसरून एकजीव झाला! वहीला दोष देण्यांत अर्थ नव्हता. ती लिहिली तेव्हां खोक्यांत सुमारें ५१७ ग्रॅम पीठ येई. आमच्या हातांतला खोका ४३२ ग्रॅमचा होता. खोका दिसावयास तेवढाच, पीठ मात्र कमी. तेल एकतृतीयांश कपावर, म्हणजे ८० मिलिलिटरवर आणलें, गोळा अर्धा तास थंड केला, आणि दुसरा घाणा साधला.

येथें अंड्याचा प्रश्न उभा राहिला. आम्हीं आजवर अंड्यास हात लाविलेला नाहीं. नात पीठीसाखरेंत हात बुडवून विचारती झाली, "आजी, मी केलेल्या कुकीज तूं खाणारच नाहींस?" या प्रश्नास शास्त्राधारानें उत्तर देतां येतें, पण आठ वर्षांच्या मुलीकडे पाहून देववत नाहीं. तेव्हां तिसरा खोका फोडून दोन अंड्यांच्या जागीं अर्धा कप घट्ट दहीं घातलें. वेलदोडा आणि चिमूटभर जायफळ आमच्या पदरचें. त्यापूर्वीं खोक्यावरील घटकांची यादी चष्मा लावून वाचली. अमेरिकेंत अंडें, दूध, गहूं, दाणे इत्यादींचा उल्लेख कायद्यानें करावाच लागतो. २०२३ पासून तिळाचाही. सुपारीएवढ्या गोळ्या पीठीसाखरेंत घोळवून ३५० फॅरनहाइट, म्हणजे सुमारें १७५ सेल्सियस उष्णतेंत दहा मिनिटें भाजल्या. फुगतांना पांढऱ्या थराला भेगा पडून आंतला लाल रंग दिसूं लागतो, तो खरोखर शोभतो. दह्याच्या कुकीज किंचित् मऊ होतात, खुसखुशीत होत नाहींत.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावीशी वाटते. मुलांना भांडें चाटूं देऊं नये. अंडें नसलें तरी कच्च्या पिठांतही रोगजंतु असूं शकतात, आणि ते भाजल्यावांचून मरत नाहींत. "नैवेद्य दाखविण्यापूर्वीं चव घ्यावयाची नसते," असें आम्हीं नातीस सांगितलें. कारण निराळें असलें तरी उपयोग झाला.

त्या रात्रीं मुलीनें आम्हांस अमेलिया सिमन्स हिच्या १७९६ सालच्या अमेरिकन पाकपुस्तकांतील नाताळची कुकी वाचून दाखविली. तींत चक्क धन्याची पूड आहे! शिवाय मडक्यांत घालून सहा महिने ठेविल्यास ती अधिक मऊ व चांगली होते, असेंही बाई लिहितात. आमच्या घरीं सहा दिवस टिकणें कठीण.

दुसऱ्या दिवशीं नात शेजारणीकडून डबा भरून घेऊन आली. आल्याच्या, लोण्याच्या, चॉकलेटच्या, नाना आकारांच्या कुकीज. अंडें कोणत्यांत आहे हें तिनें आमच्यासाठीं घरोघरच्या बायकांना विचारून ठेविलें होतें. सगळ्यांतच होतें. तिनें खिशांतून कागदांत गुंडाळलेल्या दोन दह्याच्या कुकीज काढल्या आणि आमच्या हातावर ठेविल्या. "या मी कोणाला दिल्या नाहींत," ती म्हणाली.