पांढरे धोतर, करडा फोटो

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरची वस्तू कोणती हे पाहत नाही, तिच्याकडून येणारा उजेड मोजतो. दृश्याची सरासरी काढली तर ते मध्यम करडे, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारे असेल, असे त्याने धरलेले असते. बहुतेक वेळा हा अंदाज चालून जातो. आषाढी वारीत मात्र फसतो. चौकटभर पांढरी धोतरे, सदरे आणि टोप्या आल्या की ‘उजेड फार झाला’ असे समजून कॅमेरा प्रकाश कमी करतो. मग धोतर मळकट दिसते आणि टोपीखालचा चेहरा काळवंडतो. गोठ्यातली म्हैस जवळून टिपली तर नेमके उलटे होते, ती राखाडी दिसते.

यावरचा उपाय अधिक-उणे चिन्हाच्या बटणात असतो. पांढऱ्यासाठी अधिक एक, काळ्यासाठी उणे एक, इथून सुरुवात करावी. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून बाजूची सूर्याची खूण वर-खाली सरकवली की तेच काम होते. यातला ‘एक’ म्हणजे एक स्टॉप, अर्थात प्रकाश दुप्पट किंवा निम्मा.

हा प्रकाश दोन ठिकाणी आवरता येतो, लेन्सच्या छिद्रात आणि शटरच्या वेळेत. छिद्राचे आकडे नवशिक्याला हमखास चकवतात, कारण आकडा वाढला की छिद्र लहान होते. तो आकडा भागाकारातून येतो: ५० मिमी लेन्सचे छिद्र २५ मिमी असेल तर एफ/२, १२.५ मिमी असेल तर एफ/४. छिद्र मोठे ठेवले की मागची गर्दी धूसर होते, लहान केले की दिंडी दूरवर स्पष्ट दिसते. उभ्या माणसाला १/१२५ सेकंद पुरतो, रिंगणात धावणाऱ्या अश्वाला १/१००० लागतो. ढगाळ दुपारी एफ/५.६ वर एवढा वेग हवा तर आयएसओ ८०० च्या आसपास न्यावा लागतो. आयएसओने उजेड वाढत नाही, मिळालेला संकेत वाढवला जातो. फोटोत दिसणाऱ्या रवाळपणाचे मूळ कारण अपुरा उजेड हेच असते.

उपकरणांवर सुरुवातीलाच फार खर्च करण्याची गरज नसते. कॅमेऱ्यासोबतच्या झूम लेन्सला जोड म्हणून ५० मिमी एफ/१.८ ही तुलनेने स्वस्त लेन्स पुष्कळ दिवस पुरते.

उन्हात कॅमेऱ्याचा पडदा नीट दिसत नाही, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा डावीकडे काळा ते उजवीकडे पांढरा असा आलेख, पाहावा. त्याचा डोंगर उजव्या कडेला चिकटला असेल तर पांढऱ्यातले तपशील जळालेले असतात. सदऱ्याच्या सुरकुत्या एकदा जळाल्या की कुठलेही सॉफ्टवेअर त्या खरोखर परत आणू शकत नाही. सावलीत दबलेले मात्र बरेचसे वर काढता येते, विशेषतः फोटो रॉ स्वरूपात घेतला असेल तर. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूसाठी उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६.

रॉ फाइल सुधारण्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. आधी व्हाइट बॅलन्स, मग उजेड, मग कातरणी हा क्रम सोयीचा पडतो. धोतर निळसर दिसत असेल तर व्हाइट बॅलन्स उबेकडे सरकवावा. मूळ फाइल तशीच राखून जेपेग वेगळी काढावी. हे सारे करताना लॅपटॉपचा उजेड मध्यम ठेवावा. रात्री पूर्ण उजेडावर सुधारलेला फोटो पडद्यावर झकास दिसतो आणि छापून आला की अंधारलेला निघतो.