पदकांचे वायदे आणि प्रेक्षकांचा हिशेब

क्रीडाक्षेत्रातील मोठी आश्वासने बहुधा मैदान रिकामे असताना दिली जातात. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो. त्याआधीच्या सुट्टीत प्रशिक्षक यंदाचा संघ निराळा असल्याची ग्वाही देतात आणि जुने चाहते 'पहिला सामना होऊ द्या' म्हणून गप्प बसतात. तेथे शब्दाची परीक्षा दोन-तीन महिन्यांत होते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांना अशाच एका शब्दासाठी पाच वर्षे थांबावे लागले.

मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' या मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. या यशाने जिल्ह्याचा आत्मविश्वास वाढला. त्यापाठोपाठ तत्कालीन पालकमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या पुढाकाराने 'मिशन शक्ती'ची घोषणा झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये अभिनेता आमीर खान याच्या उपस्थितीत बल्लारपूर येथे तिचा प्रारंभ झाला. या भागातील तरुणांनी २०२४च्या ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवावे, हे तिचे जाहीर उद्दिष्ट होते.

पॅरिसमध्ये भारताने सहा पदके मिळवली. मात्र भारतीय पथकात या दोन जिल्ह्यांतील एकही खेळाडू नव्हता. मधल्या काळात राज्यात सत्तांतर झाले, करोनामुळे मैदाने बंद राहिली, हे खरे. परंतु या अडचणी आल्या नसत्या, तरी पाच वर्षांची मुदत पुरेशी होती का, हा प्रश्न उरतोच.

एव्हरेस्ट आणि ऑलिम्पिक यांतील फरक येथे ध्यानात घ्यावा लागतो. शिखर गाठणे अत्यंत कठीण आणि जिवावरचे असते. पण तेथे प्रतिस्पर्धी नसतो. निवड, कठोर सराव, अनुभवी शेर्पांची साथ आणि अनुकूल हवामान यांच्या बळावर मोहीम यशस्वी होऊ शकते. ऑलिम्पिकचे दार पात्रतेच्या निकषांनी बंद असते. पॅरिसच्या पुरुष मॅरेथॉनसाठी थेट पात्रतेची वेळ २ तास ८ मिनिटे १० सेकंद होती. जंगलातील पायवाटांवर घडलेला काटकपणा हे उत्तम भांडवल आहे. परंतु त्याचे सेकंदांत रूपांतर करण्यास प्रशिक्षकाच्या देखरेखीखालील अनेक वर्षे लागतात.

ही वर्षे किती, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता. पदक आले पंधरा वर्षांनी. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली घडली. तिने २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक पटकावले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावली. दोघांच्याही वाटचालीत समारंभांपेक्षा रोजच्या सरावाचा वाटा मोठा आहे.

'मिशन शक्ती'च्या काळातील सारेच वाया गेले, असेही नाही. बल्लारपूरजवळ विसापूर येथे सुसज्ज क्रीडा संकुल उभे राहिले आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धाही झाल्या. प्रश्न आहे तो धावपट्टीवर रोज पहाटे घड्याळ घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाचा. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ, तेथून आंतरविद्यापीठ स्पर्धा, ही शिडी अस्तित्वात आहे. मात्र विद्यार्थी तीन-चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतो आणि पुढे त्याला पोटापाण्याचा विचार करावा लागतो. शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के क्रीडा आरक्षण त्याला खुणावते, यात गैर काही नाही. पण शाळेतील प्रशिक्षण महाविद्यालयात आणि तेथील पदवीनंतर सुरू राहणार नसेल, तर शिडीच्या पायऱ्या एकमेकींना जोडल्याच जात नाहीत.

म्हणूनच साशंक प्रेक्षकाला निराशावादी ठरवणे अन्यायाचे होईल. त्याचे प्रश्न साधे असतात. कोणता खेळ? प्रशिक्षक कोण आणि किती वर्षांसाठी? खेळाडूच्या आहाराचा व वसतिगृहाचा खर्च कोण उचलणार? पुढील वर्षी राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेत किती जण पोहोचावेत, अशी अपेक्षा आहे? ज्या आश्वासनात ही उत्तरे असतात, ते दरवर्षी तपासता येते. ज्यात केवळ पदक आणि साल असते, त्याचा खोटेपणा किंवा खरेपणा कळेपर्यंत मुलांची उमेदीची वर्षे निघून गेलेली असतात.

अहमदाबादला २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे यजमानपद मिळाले आहे आणि २०३६च्या ऑलिम्पिकसाठीही भारत प्रयत्नशील आहे. त्यामुळे गावोगावी नवे वायदे होणार, हे उघड आहे. २०३६ मध्ये ऐन भरात असणारे खेळाडू आज शाळेत आहेत. त्यांच्यासाठी प्रशिक्षक नेमण्याची वेळ आत्ताची आहे.