आरशाचा ताळा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मी गणित झालं की विचारतो, "ताळा केला का?" लगेच तोंडं वाकडी! मग मी हबलची गोष्ट सांगतो.

अमेरिकेत हबल या अवकाश दुर्बिणीसाठी २.४ मीटर रुंदीचा आरसा घासून तयार केला. पण तो तपासायच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी चूक दाखवली; ती कमी अचूक म्हणून कुणी ऐकलं नाही. १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेली आणि चित्रं आली धूसर! आरशाची कड केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी, सुमारे २ मायक्रोमीटर, जास्त घासली गेली होती. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन चूक भरून काढणारे छोटे आरसे बसवले, तेव्हा कुठे चित्रं स्वच्छ झाली.

आपल्या शेजारी, पुण्याच्या 'आयुका'त हौशी मंडळींनी हाताने काच घासून दुर्बिणीचे आरसे केले आहेत. असा आरसा दिवा आणि दाढीच्या ब्लेडनेही तपासता येतो. आरशावरून परतणारा प्रकाश ब्लेडने हळूच अडवायचा. सावल्या आरशाचा उंचसखलपणा सांगतात.

तेव्हा मुलांनो, ताळा जुळला नाही तर ताळ्यावर रागावू नका. गणित पुन्हा पाहा!