ड्राइव्ह नसलेल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज परत टाकायचंय? आधी हिशेब वाचवा



आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. लॅपटॉप जुना, सुरू व्हायला दहा मिनिटं, डीव्हीडी ड्राइव्ह कधीच बंद पडलेला. भाच्याने पेनड्राइव्ह लावून विंडोज नवीन टाकून दिलं. लॅपटॉप पळायला लागला. मग टॅली परत टाकून उघडलं, तर कंपनीच दिसेना! भाच्याने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सची कॉपी घेतली होती, पण टॅलीचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये होता. दोन वर्षांची बिलं आणि उधारीची यादी गेली.

म्हणून लक्षात ठेवा, विंडोज टाकणं हे सोपं काम आहे. खरं काम त्याच्या आधीचं.

फॉरमॅटच्या आधी

१. टॅली प्राइममध्ये ऑल्ट + वाय दाबून बॅकअप घ्या. तो बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

२. टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे नंतर पुन्हा ॲक्टिव्हेट करताना अडचण येत नाही.

३. ब्राउझरमधले पासवर्ड, प्रिंटर आणि डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे ड्रायव्हर, डाउनलोड फोल्डरमधली जीएसटीची रिटर्न्स, सगळ्याची यादी करा आणि कॉपी घ्या.

४. डिस्कवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.

पेनड्राइव्ह तयार करणं

निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार, त्यामुळे बॅकअपचा पेनड्राइव्ह चुकूनही वापरू नका! दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून मीडिया क्रिएशन टूल डाउनलोड करा. ते विंडोज उतरवून पेनड्राइव्ह बूटेबल करून देतं. कुणीतरी दिलेली 'क्रॅक' कॉपी नको. ह्याच लॅपटॉपवर तुमची नेटबँकिंग चालते.

कुठलं विंडोज? विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप ११ घेत नसेल तर १० चालेल, पण त्यावर बँकेचे व्यवहार करू नका, फक्त बिलिंगला ठेवा.

इन्स्टॉल करणं

पेनड्राइव्ह लावा, चार्जर लावा आणि लॅपटॉप सुरू होतानाच बूट मेन्यूचं बटण दाबत राहा. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, आसूसला एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

प्रोडक्ट की विचारली आणि ह्याच लॅपटॉपवर आधी अस्सल विंडोज १० ॲक्टिव्ह असेल, तर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडा. एडिशन मात्र पूर्वीचीच, होम असेल तर होम. इंटरनेट जोडलं की ते बहुतेक वेळा आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

मग 'कस्टम' निवडा. इथे पार्टिशनची यादी दिसते. थांबा! नावावर जाऊ नका, साइज बघा. इथे सी आणि डी ही अक्षरं दिसतीलच असं नाही. कुठलं कुठलं ते आधी कागदावर लिहून ठेवलेलं बरं. डेटाचं पार्टिशन डिलीट केलंत, तर परत मिळवायला खर्च होतो, तरी खात्री नाही.

माझा सल्ला

लॅपटॉप हळू असण्याचं कारण बऱ्याचदा विंडोज नसतं, जुनी फिरती हार्ड डिस्क असते. जमत असेल तर एसएसडी बसवून विंडोज त्यावर टाका. वेग वाढतो आणि जुनी डिस्क जशीच्या तशी तुमच्या हातात राहते. काही राहून गेलं तर तिच्यातून काढता येतं. महिनाभर तिला हात लावू नका.

त्या ताई आता दर शनिवारी दुकान बंद करताना बॅकअप घेतात. पाच मिनिटं लागतात. तुम्ही कधी घेताय?