सालाझार १९३७ मध्येच मरण पावला असता तर

४ जुलै १९३७ या रविवारी पोर्तुगालचा पंतप्रधान आणि प्रत्यक्षात हुकूमशहा असलेला आंतोनियू सालाझार लिस्बनमधील एका मित्राच्या घरी मिस्सा या प्रार्थनाविधीसाठी मोटारीतून उतरत असताना, अराज्यवाद्यांनी, म्हणजे राज्यसंस्थाच नाकारणाऱ्या क्रांतिकारकांनी, रस्त्याखाली पेरलेला बॉम्ब त्याच्यापासून काही मीटरवर फुटला. रस्ता उखडला, पण सालाझारला इजा झाली नाही आणि तो ठरल्याप्रमाणे मिस्सेला गेला.

जर-तरच्या इतिहासाचे, म्हणजे एखादी घटना वेगळी घडली असे मानून पुढील घडामोडी तपासण्याच्या पद्धतीचे, खरे मोल व्यक्ती आणि व्यवस्था यांचा वाटा वेगळा करून पाहण्यात आहे. त्या वेळी अर्थ, युद्ध आणि परराष्ट्र ही तिन्ही खाती सालाझारकडेच होती; तथापि १९३३ च्या राज्यघटनेनुसार पंतप्रधान नेमण्याचा व काढण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा होता, त्या पदावर जनरल कार्मोना होते, आणि शेजारच्या स्पेनमधील यादवी युद्धाच्या धास्तीने लष्कर त्यांच्या पाठीशी राहिले असते, त्यामुळे राजवट बहुधा कोसळली नसती. हा निव्वळ तर्क नव्हे. १९६८ मध्ये सालाझार आजारपणाने निकामी झाल्यावर राष्ट्राध्यक्ष तोमाश यांनी याच अधिकारात मार्सेलू कायतानू यांना नेमले, आणि राजवट, तिच्या आफ्रिकेतील वसाहतयुद्धांसह, १९७४ च्या लष्करी उठावापर्यंत टिकली.

गोव्याच्या बाबतीत मात्र व्यक्तीचा वाटा फार मोठा मानावा लागतो. वसाहतींचा अभिमान पोर्तुगालमध्ये सालाझारच्या आधीपासून होता हे खरे, पण फ्रान्सने १९५४ मध्ये वाटाघाटींतून पाँडिचेरीचा कारभार भारताकडे सोपवला, तेव्हाही सालाझार गोव्याविषयी बोलणी करायला तयार नव्हता. एप्रिल १९६१ मध्ये त्याचेच संरक्षणमंत्री बोतेल्यू मोनिश यांनी वसाहतींच्या प्रश्नावरून त्याला हटवण्याचा प्रयत्न केला आणि तोमाश यांनी साथ न दिल्याने तो फसला. म्हणजे वेगळ्या वाटेने जाऊ पाहणारी माणसे राजवटीच्या आतही होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, भारताच्या लष्करी कारवाईच्या तोंडावर, सालाझारने गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालू ई सिल्वा यांना शरण न जाता अखेरपर्यंत लढण्याचा हुकूम पाठवला, तो त्यांनी मानला नाही आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करून असंख्य जीव वाचवले. कार्मोना यांनी निवडलेला एखादा सेनानी चर्चेला बसला असता, याची खात्री नाही. पण तो बसला असता, तर १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीज गोळीबारात सत्याग्रहींना प्राण गमवावे लागले नसते.