प्रमुख आहेत, मुलूख नाही

अलाबामातल्या एकोटा चेरोकी जमातीला प्रमुख आहेत, परिषद आहे, सदस्यांची नोंदवही आहे. आरक्षित भूमी मात्र नाही आणि वॉशिंग्टनच्या यादीत नावही नाही. १९८४च्या डेव्हिस-स्ट्राँग कायद्याने राज्यात आदिवासी व्यवहार आयोग नेमला. राज्याने मान्य केलेल्या नऊ जमातींत एकोटा येतात. केंद्राची मान्यता नवांत एकट्या पोआर्च क्रीकांना.

ईशान्य अलाबामा हा चेरोकींचा जुना मुलूख, यात वाद नाही. आजच्या फोर्ट पेनपाशी विल्सटाउन होते. चेरोकी लिपी घडवणारा सेक्वोया तिथे राहिला होता. चेरोकींना पश्चिमेला हटवणाऱ्या १८३५च्या न्यू एकोटा कराराच्या जोरावर १८३८ मध्ये लष्कराने ही माणसे छावण्यांत कोंडली, आणि याच भागातून जॉन बेंज यांच्यासोबत अकराशेच्या आसपास लोक पश्चिमेला निघाले. जी कुटुंबे मागे राहिली, त्यांचे आपण वंशज, असे एकोटा सांगतात.

पण ते दाखवायचे कशावर? ओक्लाहोमातले चेरोकी नेशन डॉझ नोंदीत पूर्वज शोधते, आणि ती नोंद तिकडे गेलेल्यांची. पूर्वेत राहिलेल्या चेरोकींचा ईस्टर्न बँड १९२४ची बेकर नोंद पाहतो, ती नॉर्थ कॅरोलिनातल्या चेरोकींची. अलाबामात गप्प राहिलेल्या घराचे नाव या दोन्हींत सहसा नसणारच.

चेरोकी नेशन आणि ईस्टर्न बँड या दोन्ही आदिवासी सरकारांचा अशा गटांना उघड विरोध आहे, आणि तो निव्वळ अहंकार नव्हे. ‘आजी चेरोकी होती’ असे सांगणारी घरे अमेरिकेत पैशाला पासरी. तेवढ्यावर जमात उभी राहू लागली, तर करार करून, खटले लढून टिकवलेल्या सार्वभौमत्वाला काय किंमत उरली? मला हा आक्षेप वजनदार वाटतो. तरीही नोंदीत नाव नाही म्हणून प्रत्येक दावा खोटा, हे मला पटत नाही.

केंद्राची मान्यता नसल्यामुळे एकोटांच्या प्रमुखांचे काम राज्यकारभारापेक्षा संस्था चालवण्याच्या जवळ जाते. आयोगावर जमातीचा माणूस बसतो, तिथून मुलांच्या शिष्यवृत्त्या मिळतात. केंद्राची आदिवासी आरोग्यसेवा सदस्यांना लागू नाही.

केंद्राचे कायदेही एका सुरात बोलत नाहीत. १९९०चा कलावस्तू कायदा राज्यमान्य जमातींना धरतो, म्हणून एकोटा कारागीर आपली टोपली ‘इंडियन’ म्हणून रीतसर विकू शकतो. त्याच वर्षीच्या दफनावशेष कायद्यात मात्र केंद्रमान्य जमातच मोजली जाते. संग्रहालयातली पूर्वजांची हाडे एकोटांना स्वतःच्या हक्काने मागता येत नाहीत.