मुलांचे वाद्यशिक्षण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

रत्नागिरी जिल्ह्यात मुलाच्या हाती वाद्य येण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत. पहिली गावातल्या भजन मंडळाची किंवा नमन, जाखडी या लोककलांची. तिथे मृदंग, पखवाज, ढोलकी, झांज आणि पेटी आधी कानावर पडतात, मग हाती येतात. दुसरी वाट शहरातल्या संगीतवर्गाची. तिथे तबला, हार्मोनियम, बासरी किंवा व्हायोलिन शिकवले जाते आणि पुढे परीक्षा दिल्या जातात. तिसरी शाळेची. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत बहुधा वर्गशिक्षकच इतर विषयांबरोबर कला हा विषयही घेतात, त्यामुळे तिथे किती वाजवायला मिळेल हे त्या शिक्षकाच्या आवडीवर ठरते. वाट कोणतीही असो, पालकांच्या आणि कधीकधी शिक्षकांच्याही मनातले काही समज मुलाच्या आड येतात. त्यांतले प्रमुख इथे तपासले आहेत.

गैरसमज: वादन रक्तात असावे लागते.

वस्तुस्थिती: वादकांच्या घरातली मुले लवकर वाजवू लागतात, याचे मोठे कारण त्यांच्या कानावर पडणारे संगीत हे असते. पाळण्यापासून ताल ऐकणाऱ्या मुलाला सम कुठे येते हे कुणी सांगावे लागत नाही. जपानी व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी आपली सगळी पद्धत याच निरीक्षणावर उभारली. मूल मातृभाषा शिकते ते सतत ऐकून, पुन्हापुन्हा उच्चारून आणि घरच्यांच्या कौतुकावर. वाद्यही तसेच शिकवता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो शहरातून सुरू झालेली ही पद्धत पुढे पेरूसारख्या स्पॅनिश भाषिक देशांतही रुजली. कोकणातला पुरावा तर घराजवळचाच आहे. भजनात पखवाज धरणारी बहुतेक मुले शेतकऱ्यांच्या, मच्छीमारांच्या आणि चाकरमान्यांच्या घरची असतात. मुलामुलांच्या गतीत फरक असतो हे खरे, पण ज्याची गती कमी त्याला वाद्य येणारच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

गैरसमज: पाचव्या वर्षी सुरुवात झाली नाही, तर वेळ गेली.

वस्तुस्थिती: खुद्द सुझुकींच्या वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना होता, तरी ते स्वतः व्हायोलिन वाजवू लागले सतराव्या वर्षाच्या सुमारास. कोणताही स्वर ऐकताक्षणी तो नेमका कोणता हे ओळखण्याची क्षमता लहानपणच्या शिक्षणाशी जोडलेली आढळते. हिंदुस्थानी संगीताला मात्र तिची गरज नाही. इथे षड्ज गायक-वादकाच्या सोयीने ठरतो आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखायचे असतात. ही ओळख मोठेपणीही कमावता येते.

वयापेक्षा शरीराची तयारी पाहणे अधिक योग्य. व्हायोलिन मुलांच्या मापात मिळते. बासरीत मात्र बोटे छिद्रांपर्यंत पोहोचायला हवीत, म्हणून लहान मुलाला आखूड, वरच्या पट्टीची बासरी देतात. डग्ग्यावर घुमारा आणण्यासाठी मनगटाचा दाब लागतो, तो चिमुकल्या हाताला लगेच जमत नाही. तोवर बोल तोंडाने म्हणणे आणि हाताने टाळी-खाली दाखवणे, हेही तबल्याचेच शिक्षण आहे.

गैरसमज: कानाने शिकणे कच्चे, वहीवरून शिकणे पक्के.

वस्तुस्थिती: भजन मंडळातला मुलगा बुवांचा आवाज आणि पखवाजाचा ठेका ऐकत शिकतो. लय कुठे धरायची, कुठे चढवायची आणि गजर संपताना हात कुठे आवरायचा, हे कोणतीही वही पूर्णपणे सांगू शकत नाही. सुझुकींच्या पद्धतीतही मूल आधी ऐकून वाजवते, लिपी नंतर येते. विष्णु दिगंबर पलुसकर आणि विष्णु नारायण भातखंडे यांनी स्वरलिपी रूढ केल्या, त्या स्मरणाला आधार म्हणून आणि बंदिशी टिकाव्यात म्हणून. दुसऱ्या बाजूला, लिपीचे मोल गोव्यात दिसते. तिथल्या चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवले. त्या परंपरेतले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. कान आधी आणि लिपी त्याच्या मदतीला, हा क्रम बहुतेक मुलांना मानवतो.

गैरसमज: पेटी सोपी, म्हणून तीच आधी, किंवा पेटी परकी, म्हणून ती नकोच.

वस्तुस्थिती: पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे, एकस्व १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी घेतले. भारतात तिला हाताने भाता मारायचे बैठे रूप मिळाले. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. आक्षेपाला आधार होता: पेटीवर मींड निघत नाही आणि तिचे स्वर बांधलेले असतात. पण तयार स्वर हाती मिळतो म्हणूनच नवशिक्या मुलाला तिचा आधार वाटतो. धोका एवढाच की पट्टी दाबली की स्वर येतो, त्यामुळे कान आळशी राहू शकतो. त्यावर उपाय जुनाच आहे: जे वाजवायचे ते तानपुऱ्यावर आधी गाऊन घ्यावे. पट्टी मुलाच्या आवाजाला सोयीची, म्हणजे मोठ्या पुरुषाच्या आवाजापेक्षा बरीच वरची असावी.

गैरसमज: शिकण्यापुरते कसलेही वाद्य चालते.

वस्तुस्थिती: बेसूर वाद्यावर मूल बेसूरच शिकते. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट हवेत तबल्याची पुडी सैलावते, स्वर उतरतो. तारा गंजतात आणि पेटीच्या स्वरपट्ट्यांवरही परिणाम होतो. वाद्य झाकून, कोरड्या जागी ठेवणे आणि वेळोवेळी जुळवणे हा शिक्षणाचाच भाग आहे. गजऱ्यावर हातोडी कुठे मारायची आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक किती लावायची, हे मुलाने पाहत पाहत शिकायला हवे.

गैरसमज: तासन्‌तास बसवल्याशिवाय हात तयार होत नाही.

वस्तुस्थिती: लहान मुलाचे लक्ष थोडा वेळच टिकते. आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्यापेक्षा रोजची पंधरा-वीस मिनिटे अधिक कामाची. थकलेला हात चुकीचा निकास, म्हणजे बोल काढण्याची चुकीची रीत, पुन्हापुन्हा घोटतो आणि तीच सवय पुढे मोडावी लागते. तबल्यात ठाय, मग दुगुन, मग चौगुन हा क्रम याचसाठी आहे. संथ लयीत स्वच्छ निघालेला बोलच दुपटीत स्वच्छ राहतो.

गैरसमज: संगीताने बुद्धी वाढते, किंवा संगीताने अभ्यास बुडतो.

वस्तुस्थिती: पहिल्या समजाचे मूळ १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या प्रयोगात आहे. त्यात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दहा मिनिटे मोझार्टची रचना ऐकली आणि आकार-अवकाशाच्या चाचणीत थोडे अधिक गुण मिळवले. परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला. त्यात लहान मुले नव्हती आणि कुणी वाद्यही शिकत नव्हते. अभ्यास बुडतो हा समजही तितकाच कमकुवत आहे, कारण रोजच्या थोड्या वेळाने शाळेचा अभ्यास अडत नाही. वाद्य शिकावे ते संगीतासाठी. चार जणांच्या लयीत आपली लय मिसळता येणे हा लाभ स्वतःच मोठा आहे.

गैरसमज: परीक्षा पास झाली म्हणजे वाद्य आले.

वस्तुस्थिती: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्यांनी अभ्यासाला क्रम दिला आणि दूरच्या गावातल्या मुलालाही एक मापदंड मिळवून दिला. दहावीला शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यावर परीक्षांकडे ओढाही वाढला. पण नेमलेले तेवढेच ताल आणि राग घोटून पास झालेले मूल साथीला बसले की अडखळते. परीक्षेच्या तयारीबरोबर दुसऱ्याच्या गाण्याला ठेका धरणे, ऐकलेली चाल पेटीवर शोधणे आणि मैफली ऐकणे चालू असावे. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात भरणारा संगीत महोत्सव आणि गावोगावची भजने, दोन्ही त्यासाठी उपयोगी आहेत.

गैरसमज: जो उत्तम वाजवतो, तो उत्तम शिकवतोच.

वस्तुस्थिती: वाजवणे आणि शिकवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. कुरुंदवाडला जन्मलेल्या आणि मिरजेत शिकलेल्या पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तिथे त्यांनी शिक्षक घडवण्यासाठी उपदेशक वर्ग चालवला. त्यातले विद्यार्थी विद्यालयातच राहत, शिकत आणि शिकवत. मुलांसाठी ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तकेही पलुसकरांनी तयार केली. १९३१ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. वर सांगितलेल्या परीक्षा त्याच मंडळाच्या.

जगातल्या इतर यशस्वी पद्धतींचा भरही शिक्षकावरच आहे. सुझुकी पद्धतीत शिक्षक प्रत्येक पुस्तक कसे शिकवायचे ते स्वतंत्रपणे शिकतो, अनुभवी शिक्षकांचे तास बसून पाहतो आणि पालकालाही धड्यात सामील करून घेतो. व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेउ यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या ‘एल सिस्तेमा’त मुले पहिल्यापासून वाद्यवृंदात बसतात आणि पुढे गेलेली मुले मागच्यांना शिकवतात. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन गोव्यात ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ २००९ पासून वंचित मुलांना वाद्ये शिकवते. मोठ्याने धाकट्याला शिकवण्याची ही रीत कोकणातल्या भजन मंडळातही जुनीच आहे.

म्हणून वर्ग निवडताना शिक्षकाच्या मैफलींपेक्षा त्याचे शिकवणे पाहावे. तो मुलाची बैठक आणि हाताची ठेवण सुधारतो का, एक अवघड बोल तीन सोप्या पायऱ्यांत मांडतो का, चूक झाल्यावर ती ऐकायला शिकवतो का, आणि मागे पडलेल्या मुलाला वेगळी वाट काढून देतो का? शिक्षकांनीही एकमेकांचे वर्ग पाहावेत. कोकणातल्या शाळांत आणि संगीतवर्गांत शिक्षकांच्या अशा तयारीला नियमित जागा मिळाली, तर वाद्य अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलांची संख्या नक्की घटेल.